घरातील मारहाण थांबविण्यासाठी : कायद्याची माहिती आणि घर-जमिनीवर बाईचे नाव



‘नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले, तर दाद कोणाकडे मागावी?’ ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते. यातील पावसाची बाजू आता बदलली आहे. अतिवृष्टीने उभे सोयाबीन आडवे झाले की आपण तलाठ्यास, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यास, कळवितो आणि पंचनाम्याची मागणी करतो. हाती पडणारी मदत कमी की पुरेशी, हा निराळा प्रश्न आहे. परंतु दाद मागण्याची जागा आहे, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे.

म्हणीतील पहिल्या भागासाठीही अशी जागा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून देशात लागू आहे. तरीही नांदेड व लातूर जिल्ह्यांतील अनेक घरांत ही बाब ‘घरातली गोष्ट घरातच’ म्हणून दाबली जाते. घरातील मारहाण कशी ओळखावी, ती का टिकून राहते, कायदा काय देतो आणि शेतकरी कुटुंबाने आधीपासून कोणती तयारी करावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

हिंसाचार म्हणजे काय?

मार बसला, रक्त आले, तरच हिंसा झाली असा समज आहे. कायद्याने हिंसेचे चार प्रकार मानले आहेत.

१) शारीरिक : चापट मारणे, ढकलणे, केस ओढणे, काठीने किंवा चाबकाने मारणे, गळा दाबणे, चटके देणे, उपाशी ठेवणे.

२) लैंगिक : इच्छेविरुद्ध शरीरसंबंधाची जबरदस्ती करणे, अश्लील वागणूक देणे, लाज जाईल असे वागविणे.

३) शाब्दिक व मानसिक : मूल होत नाही किंवा मुलीच झाल्या म्हणून टोमणे मारणे, माहेरचा उद्धार करणे, चारित्र्यावर संशय घेणे, माहेरी जाऊ न देणे, घराबाहेर काढण्याची किंवा दुसरे लग्न करण्याची धमकी देणे.

४) आर्थिक : घरखर्चास पैसे न देणे, तिची मजुरी किंवा बचत गटाचे पैसे काढून घेणे, तिचे दागिने परस्पर मोडणे, घरातून हाकलून देणे.

चौथा प्रकार आपल्या भागात विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. तण काढणे, सोयाबीनची कापणी, तुरीची मळणी, कापूस वेचणी, गोठ्यातील शेण-चारा ही कामे बाई करते. माल मोंढ्यावर गेला की पट्टी मात्र पुरुषाच्या हाती येते. ऊसतोडीला जोडीने गेलेल्या कुटुंबातही उचल बहुतेक वेळा नवऱ्यानेच घेतलेली असते आणि ती दोघांच्या कष्टाने फिटते. त्या पैशाचा हिशोब विचारला म्हणून मार बसणे, ही आर्थिक आणि शारीरिक अशी दुहेरी हिंसा होय.

प्रमाण किती?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयोगटातील लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २५.२ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण २१.३ टक्के होते. म्हणजे राज्यात सरासरीने चौघींमागे एक. ही सरासरी शहर व खेडे दोन्ही मिळून आहे. ‘आमच्या गावात असे काही नाही’ असे म्हणण्यापूर्वी आपल्या गल्लीतील घरे मोजून पाहावीत.

याच पाहणीतील दुसरा आकडा अधिक विचार करावयास लावणारा आहे. देशभरात मार सोसलेल्या १०० स्त्रियांपैकी ७७ जणींनी मदतही मागितली नाही आणि कोणास सांगितलेही नाही. खोडकिडीचा प्रादुर्भाव वरून दिसत नाही. खोड चिरले की आतली अळी दिसते. तसेच हे आहे. तक्रार नाही म्हणजे मारहाण नाही, असा अर्थ काढू नये.

दारू, कर्ज, दुष्काळ : कारणे की निमित्त?

मारहाणीचे कारण विचारले की बहुधा दारूचे नाव पुढे येते. दारूचा संबंध निश्चित आहे. वरील पाहणीत, नवरा नेहमी दारूच्या नशेत असतो अशा स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांनी मार सोसला होता. परंतु नवरा दारूला शिवतही नाही अशा घरांतही हे प्रमाण सुमारे २३ टक्के आढळले. म्हणून दारू सुटली की सर्व प्रश्न मिटेल, असे मानता येत नाही.

कर्ज, नापिकी व भावातील घसरण यांचा ताणही खरा आहे. पण त्याच ताणाखाली असलेला माणूस सावकारावर, बँकेच्या साहेबावर किंवा मोंढ्यातील अडत्यावर हात उगारत नाही. तेथे त्याचा राग आवरतो. घरी आल्यावर तो सुटतो, कारण येथे उलट जाब विचारणारे कोणी नाही, याची त्याला खात्री असते. ताण हे निमित्त आहे. ही खात्री हे मूळ आहे. उपायही मुळावरच करावा लागतो.

ती घर सोडून का जात नाही?

‘एवढा मार बसतो तर नांदते कशाला?’ असा प्रश्न सहज विचारला जातो. याचे उत्तर भावनेत शोधण्यापेक्षा कागदावर शोधावे. सातबारा सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावे असतो. घराचा उतारा त्यांच्याच नावे असतो. माहेरच्या जमिनीतील हक्क तिने भावांसाठी सोडून दिलेला असतो. भावाचे घर भावजयीचे झालेले असते. लेकरांना घेऊन बाहेर पडावे तर रात्री डोके टेकविण्यास हक्काचे छप्पर नसते. ही गोष्ट तिला कळते आणि मारणाऱ्यालाही कळते.

याविषयी आपल्या देशात झालेला एक अभ्यास उपयुक्त आहे. प्रदीप पांडा व बीना अग्रवाल यांनी केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात सुमारे ५०० विवाहित स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रियांच्या नावे घर नव्हते व जमीनही नव्हती, त्यांच्यापैकी ४९ टक्के स्त्रियांनी शारीरिक मारहाण सोसली होती. केवळ जमीन नावे असलेल्या स्त्रियांत हे प्रमाण १८ टक्के, केवळ घर नावे असलेल्या स्त्रियांत १० टक्के आणि दोन्ही नावे असलेल्या स्त्रियांत ७ टक्के आढळले.

एका विभागातील शिफारस दुसऱ्या विभागात जशीच्या तशी लागू पडतेच असे नाही, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. केरळातील शिक्षण, रीतीरिवाज व जमिनीची वहिवाट आपल्याहून वेगळी आहे. तरीही या अभ्यासाचा मुद्दा आपल्या अनुभवाशी जुळतो. जिला जाण्यास जागा आहे आणि जिला हाकलून देता येत नाही, तिच्यावर हात उगारताना माणूस विचार करतो.

सातबारा दोघांचा, घर दोघांचे

हा विचार महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना नवीन नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन भरले होते. पुढे शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ हा कार्यक्रम दिला. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुशीने पत्नीच्या नावे करावा आणि ज्या गावात शंभर शेतकरी असे करतील ते गाव लक्ष्मीमुक्त समजावे, अशी ती कल्पना होती. हे काम शेतकऱ्यांनी, बायकोच्या कष्टाचे देणे मानून केले. शासनानेही १५ सप्टेंबर १९९२ च्या परिपत्रकाने पतीच्या अर्जावरून सातबारावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची सोय केली. २००३ साली ‘घर दोघांचे’ हे अभियान सुरू झाले. त्यानुसार ग्रामपंचायतीच्या दप्तरी घराची नोंद पती व पत्नी दोघांच्या नावे करता येते.

घराच्या कामात बाईला काय कळते, अशी शंका घेणाऱ्यांनी लातूर जिल्ह्याचाच इतिहास आठवावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांत घरांच्या दुरुस्ती व बळकटीकरणाचा मोठा कार्यक्रम झाला. त्यात गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. घर भूकंपात टिकावे यासाठी काय करावे, हे त्यांनी गावातील कुटुंबांना समजावून सांगितले. ज्या हातांनी घरे उभी राहण्यास मदत झाली, त्या हातांचे नाव घराच्या उताऱ्यावर असण्यास हरकत कोणती?

शेतकरी कुटुंबाने पुढील कामे करून घ्यावीत.

१) ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) अर्ज देऊन घराच्या नमुना ८ वर दोघांची नावे लावावीत. महसुलाचा ८-अ हा उतारा वेगळा आहे. दोन्हींत गल्लत करू नये.

२) लक्ष्मीमुक्तीच्या सोयीनुसार सातबारावर पत्नीचे नाव लावण्यासाठी पतीने अर्ज करावा. फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून पाहावा.

३) पक्का हक्क द्यावयाचा असल्यास नोंदणीकृत बक्षीसपत्र करावे. महाराष्ट्रात पती, पत्नी, मुलगा किंवा मुलगी यांना शेतजमीन वा राहते घर बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. त्यावर स्थानिक अधिभार किती लागतो, हे दुय्यम निबंधक कार्यालयात विचारावे. वडिलोपार्जित जमिनीत फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आणि तुकडेबंदीचा नियम आधी तपासावा.

४) प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मधील घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर करण्याचा नियम आहे. त्याचा आग्रह धरावा.

५) मुलीचा हिस्सा नाकारू नये. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ साली व केंद्राने २००५ साली दिला आहे. लग्नात दिलेली भांडी व सोने म्हणजे हिस्सा नव्हे.

कायदा काय देतो?

कागदावर नाव नसले म्हणून बाईला काहीच हक्क नाही, असेही नाही. २००५ च्या कायद्याखाली न्यायदंडाधिकारी पुढील आदेश देऊ शकतात.

१) संरक्षण आदेश : मारहाण करू नये, धमकावू नये, तिच्या कामाच्या जागी जाऊ नये.

२) निवासाचा आदेश : तिला राहत्या घरातून काढू नये किंवा तिच्यासाठी दुसऱ्या जागेची सोय करावी. तिचे स्त्रीधन परत करण्याचा आदेशही होऊ शकतो.

३) पैशाचा आदेश : तिचा व मुलांचा खर्च, औषधोपचार, झालेले नुकसान.

४) मुलांचा तात्पुरता ताबा व नुकसान भरपाई.

घर सासऱ्याच्या नावावर असले तरी सून तेथे नांदली असल्यास ती निवासाचा हक्क मागू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० च्या निकालात सांगितले आहे. नवरा वारल्यानंतरही विधवा सून हा हक्क मागू शकते, असा निकाल १२ मे २०२२ रोजी झाला. मराठवाड्यात हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. कर्जापायी घरधन्याने जीव दिला आणि वर्षश्राद्धापूर्वीच सुनेला लेकरांसह माहेरची वाट दाखविली, असे होता कामा नये. तसे करणे बेकायदेशीर आहे.

संरक्षण आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याशिवाय पती किंवा सासरच्यांनी केलेला छळ हा स्वतंत्र गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८-अ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व दंडाची तरतूद आहे.

तक्रार कोठे व कशी करावी?

समजा, देगलूर तालुक्यातील एका शेतकऱ्याची मुलगी शेजारच्या तेलंगणात किंवा कर्नाटकात दिली आहे. मार खाऊन ती लेकरासह माहेरी आली. आता खेटे सासरच्या गावी घालावे लागतील का? नाही. ती सध्या जेथे राहते तेथील न्यायालयात अर्ज करता येतो आणि त्या न्यायालयाचा आदेश देशभर लागू होतो. तिने पुढील क्रमाने जावे.

१) जीवाला धोका असल्यास ११२ या क्रमांकावर पोलिसांना बोलवावे. महिलांसाठी १८१ ही मदत वाहिनी आहे. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

२) जखम असल्यास त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात किंवा नांदेड, लातूर येथील शासकीय रुग्णालयात जावे. डॉक्टरांना ‘पाय घसरून पडले’ असे न सांगता खरे कारण सांगावे आणि ते केसपेपरवर लिहून घ्यावे. पुढे हाच कागद कामास येतो.

३) महिला व बाल विकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्यास भेटावे. हा अधिकारी कोण, हे अंगणवाडी सेविका, पंचायत समिती किंवा तहसील कार्यालयातून कळते. तो घटनेचा अहवाल तयार करतो. पिकाच्या पंचनाम्यासारखाच हा कागद समजावा. तारीख, वेळ, कोणी व कशाने मारले, हे त्यात नीट नोंदवावे.

४) जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ वन स्टॉप सेंटर असते. ही केंद्रे २०१५ पासून सुरू झाली असून तेथे तात्पुरता निवारा, समुपदेशन, वैद्यकीय व कायदेशीर मदत एकाच जागी मिळते. पोलीस खात्याबरोबर काम करणारा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्षही आहे. हा उपक्रम १९८४ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या सहकार्याने सुरू झाला आणि पुढे जिल्ह्यांपर्यंत आला.

५) वकिलाची फी नाही म्हणून थांबू नये. उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० वर विचारावे.

६) पहिली सुनावणी शक्यतो तीन दिवसांत आणि अर्जाचा निकाल ६० दिवसांत देण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून अर्जासोबतच अंतरिम आदेशाची मागणी करावी. धोका असल्यास समोरच्या बाजूचे ऐकण्यापूर्वीही असा आदेश मिळू शकतो.

सातबारा, आधार कार्ड, रेशन कार्ड, बँक पासबुक, मुलांचे दाखले व लग्नाचा फोटो यांच्या झेरॉक्स प्रती माहेरी किंवा विश्वासू मैत्रिणीकडे ठेवाव्यात.

शेजाऱ्यांनी व गावाने काय करावे?

एका बांधावरची कीड शेजारच्या शेतात येते, म्हणून आपण शेजाऱ्यास सावध करतो. रात्री शेजारच्या घरातून ओरडणे ऐकू आले की मात्र दार लावून घेतो. कायद्याने कोणत्याही व्यक्तीस संरक्षण अधिकाऱ्याला खबर देण्याची मुभा आहे आणि प्रामाणिकपणे दिलेल्या खबरीबद्दल तिच्यावर जबाबदारी येत नाही. तक्रार करणे जमत नसेल तर निदान दार वाजवावे. ‘जरा विळा पाहिजे होता’ एवढे निमित्तही त्या क्षणी हात थांबविण्यास पुरते.

सरपंच, पोलीस पाटील व तंटामुक्त समितीने एक पथ्य पाळावे. बांधाचा तंटा आणि मारहाण हे एकाच मापाने मोजू नयेत. बांधाच्या तंट्यात दोघांनी थोडे थोडे मागे सरकावे, असे सांगता येते. मार खाणाऱ्या बाईने कोठे सरकावे? तिला चारचौघांत बसवून ‘जमवून घे’ म्हणणे म्हणजे तंटा मिटविणे नव्हे. समझोता करावयाचा असेल तर तो तिच्या इच्छेने व लेखी असावा, आणि त्यामुळे तिचा पोलिसांकडे किंवा न्यायालयात जाण्याचा हक्क जात नाही, हे तिला स्पष्ट सांगावे.

गावातील परवानाप्राप्त दारू दुकान बंद करण्याचा मार्गही खुला आहे. २००८ च्या आदेशानुसार २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घेता येते. ‘आडवी बाटली’ला नियमाने ठरलेल्या प्रमाणात मते पडल्यास दुकान बंद होते.

माहेरच्यांनी व पुरुषांनी

मुलगी एकदा मार खाऊन आली की बहुतेक आईबाप तिची समजूत घालून परत पाठवितात. यात मुलीची काळजी असते, लोकलाजही असते. परंतु बिनशर्त परत पाठविलेली मुलगी सासरी एकच निरोप घेऊन जाते : हिच्यामागे कोणी नाही. ‘तुझी खोली येथे आहे’ हे वाक्य मुलीला लग्नाच्या दिवशीच सांगून ठेवावे आणि वेळ आल्यास ते पाळावे.

हा लेख वाचणाऱ्या पुरुषांपैकी कोणाचा हात घरात उठत असेल, तर त्याने तो दारूच्या, कर्जाच्या किंवा बायकोच्या बोलण्याच्या माथी मारू नये. राग चढताना लक्षात येतो. त्या वेळी घराबाहेर पडावे, शेताकडे एक फेरी मारावी. दारूची सवय असल्यास जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात उपचार घ्यावेत. घरातील मुलगा हे सर्व पाहत असतो. आपण पेरतो त्याच वाणाचे पीक पुढच्या पिढीत येते.

म्हातारे आईवडीलही या हिंसेतून सुटलेले नाहीत. जमीन मुलांच्या नावे केल्यानंतर हाल होत असल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. सांभाळण्याची अट घालून दिलेली जमीन, अट मोडल्यास परत मिळू शकते. म्हणून बक्षीसपत्रात ती अट अवश्य लिहावी.

शेतकरी बंधूंनो, आपण हंगामापूर्वी बियाण्याची उगवणशक्ती तपासतो. पेरणीनंतर तपासून उपयोग नसतो. घराचेही तसेच आहे. मारहाण झाल्यावर कायदा मदत करतो. ती होऊ नये यासाठीची तयारी शांततेच्या काळात करावी लागते. या महिन्यात ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ चा उतारा काढावा. त्यावर एकच नाव असेल, तर दुसरे नाव लावण्याचा अर्ज त्याच दिवशी देऊन यावे.